घरचा साबण : समज आणि वस्तुस्थिती

कतारमधील मराठी घरांतून दिवाळीचा फराळ जितक्या निष्ठेने होतो तितक्याच निष्ठेने नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नानही होते; आणि त्या स्नानासाठी मायदेशाहून आणवलेल्या मोती साबणाच्या जोडीला आपल्या हातची, कडुनिंबाची वा हळदीची एखादी वडी स्नेह्यांच्या घरी पोचती करावी अशी हौस ज्यांना वाटते, त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. हौस उत्तम, तथापि तिच्याभोवती ज्या समजुती गोळा झाल्या आहेत त्यांपैकी काही निव्वळ भाबड्या, तर काही चक्क धोक्याच्या असल्याने, त्यांचा थोडा खुलासा करणे अगत्याचे झाले आहे.

सर्वांत दृढमूल समज असा की बाजारचा साबण तेवढा 'केमिकलचा' आणि घरचा मात्र नैसर्गिक, सबब घरच्या साबणात कॉस्टिक सोड्याचे काम काय? वास्तविक साबण हा मुळातच एका रासायनिक प्रक्रियेचा परिपाक आहे. तेल अथवा चरबी आणि तीव्र क्षार यांचा संयोग झाला म्हणजे एकीकडे साबण आणि दुसरीकडे ग्लिसरीन उत्पन्न होते, ही गोष्ट मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञाने गेल्याच्या मागच्या शतकात उलगडून दाखविली आणि १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. परंतु ती उलगडण्यापूर्वी शेकडो वर्षे लोक वनस्पतींच्या राखेतून काढलेल्या क्षाराने तेच कार्य साधीत होते. कतारमधील अरब शेजारी ज्यांची तारीफ करतात ते नाबलुसचे ऑलिव्ह तेलाचे आणि अलेप्पोचे ऑलिव्ह व लॉरेल तेलांचे साबण, ज्यांच्या कारागिरीची नोंद युनेस्कोने २०२४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली, तेही तेल आणि क्षार यांच्या संयोगानेच सिद्ध होतात. क्षाराविना साबण नाही, अलेप्पोत नाही आणि दोह्यातल्या फ्लॅटमध्येही नाही. 'कॉस्टिक न वापरता' म्हणून जो सोप बेस आणून, वितळवून, साच्यात ओतला जातो, त्यातील कॉस्टिक दुसऱ्या कोणी तरी, कुठल्या तरी कारखान्यात आधीच वापरलेले असते, एवढाच काय तो फरक. तसा बेस वापरणे गैर मुळीच नाही, आणि ज्या घरात लहान मुले आहेत तिथे तर तेच इष्ट. मात्र त्यास 'केमिकलविरहित' म्हणू नये.

याच्या अगदी उलट भीतीही आढळते : कॉस्टिक घातले म्हणजे ते वडीत राहणार आणि कातडी जाळणार. प्रमाण अचूक असेल तर ते राहत नाही, कारण ते तेलाशी संयोग पावून संपते. मात्र हे प्रमाण प्रत्येक तेलागणिक निराळे असते, आणि इथेच वाटीच्या मापाने स्वयंपाक करण्याची आपली सवय घात करते. एक किलो खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागते, तर तेवढ्याच ऑलिव्ह तेलास सुमारे १३५ ग्रॅम आणि एरंडेलास सुमारे १२८ ग्रॅम; तेव्हा खोबरेल संपले म्हणून ऐन वेळी ऑलिव्ह तेल ओतणाऱ्याच्या वडीत किलोमागे जवळजवळ ५० ग्रॅम कॉस्टिक मोकळे राहील, आणि ती वडी भेट म्हणून तर सोडाच, फरशी घासण्यासही देण्याच्या लायकीची असणार नाही. ६०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम एरंडेल असा मेळ घेतला तर हिशेबाने १४९ ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक येते; त्यातून पाच टक्के कमी करून १४१ ग्रॅम घ्यावे, म्हणजे थोडे तेल मागे उरते आणि वडी मवाळ होते. त्याच्या दुप्पट वजनाचे पाणी पुरते. हे सारे ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर तोलावे.

कृतीतील जोखीम खरी आहे, पण तिचा बंदोबस्त होण्यासारखा आहे. सोडा पाण्यात सावकाश सोडावा, पाणी कधीही सोड्यावर ओतू नये. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला जर्मनचे म्हणतात ते, मुळीच नको, कारण सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातांत मोजे हवेत. त्यातून दोह्याची एक खास अडचण अशी की उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी थंड नळालाही कढत येते (जाणती मंडळी म्हणूनच त्या दिवसांत गीझर बंद ठेवून त्यातलेच पाणी थंड म्हणून वापरतात), आणि सोडा विरघळताना आधीच इतकी उष्णता निघते की कढत पाण्यात तो उसळून अंगावर येण्याचा संभव असतो. सबब डिस्टिल्ड पाणी फ्रिजमध्ये गार करून घ्यावे, आणि एसीसाठी बंद ठेवलेल्या खोलीत हा उद्योग न मांडता एक्झॉस्ट फॅनखाली मांडावा. अंगावर थेंब उडाल्यास व्हिनेगर चोळावे, असा जो सल्ला सर्रास दिला जातो तो साफ चुकीचा आहे. वाहत्या पाण्याखाली ती जागा निदान १५ ते २० मिनिटे धरणे हाच उपाय, आणि डोळ्यात गेल्यास पाणी मारता मारता ९९९ ला फोन.

आता औषधींकडे वळू, कारण या साबणाची सारी प्रतिष्ठा त्यांच्यावर उभी आहे. कडुनिंब, तुळस, हळद, कोरफड घातली की साबण औषधी झाला, ही समजूत मोठी सुखावह असली तरी तिला फारसा आधार नाही. पहिली गोष्ट, कच्च्या घोळातील तीव्र क्षार या नाजूक द्रव्यांना मूळ रूपात राहू देत नाही. हळदीवर चुना पडला की तिचे कुंकू होते हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याच घरांत हळदीची वडी पिवळीधमक न होता तांबूस-तपकिरी झाली म्हणून आश्चर्य व्हावे, ही मौज आहे. तुळशीचा हिरवा रंग काही आठवड्यांत मातकट होतो, गुलाबाच्या पाकळ्या काळवंडतात. ओला रस किंवा ताजा गर जास्त घातला तर वडी लवकर बिघडते. दुसरी गोष्ट, साबण अंगावर राहतो तो किती वेळ? मिनिटभरात जो धुऊन जातो त्याच्यातील चिमूटभर भुकटीने त्वचारोग हटावा ही अपेक्षा वैद्यकशास्त्राला धरून नाही, आणि इसब असलेल्या स्नेह्यास 'हा लाव, बरे वाटेल' म्हणून वडी देणे तर बेजबाबदारपणाचेच. सुगंधी तेलांविषयीही हेच : दालचिनीचे वा लवंगेचे तेल वनस्पतीजन्य असूनही त्वचेस झोंबते, आणि सूक वाकिफमधून हौसेने आणलेली काही अत्तरे घोळात पडताच तो क्षणार्धात थिजून साच्यात ओतण्याच्याही पलीकडे जातो.

औषधींचे खरे स्थान उटण्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, कपूरकाचरी, संत्र्याची वाळवलेली साल, मसुराचे पीठ ही द्रव्ये तेथे कोरडी राहतात, क्षाराने होरपळत नाहीत, आणि अंगाला लावलेले तेल पीठ शोषून घेते. आखाती लोकही केस धुण्यास सिद्रच्या पानांची पूड वापरतात. आपल्या बोरीच्याच कुळातले हे झाड, आणि शिकेकाई-रिठ्याप्रमाणे त्यातही पाण्याला फेस आणणारी द्रव्ये असतात. परंपरेने ती पूड साबणात घोटली जात नाही.

घरचा साबण 'पीएच-न्यूट्रल' असतो असे म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की खरा साबण स्वभावतःच क्षारधर्मी असून त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो, आणि त्वचेचा ५ च्या आसपास. निरोगी त्वचा ही तफावत स्वतःच भरून काढते, तान्ह्या बाळाची मात्र गोष्ट वेगळी. फेसाचा आणि स्वच्छतेचाही तसा संबंध नाही. फेस खोबरेलाचा गुण आहे, आणि खोबरेल फार झाले तर अंग कोरडे पडते, जे एसीत दिवस काढणाऱ्यास विशेष जाणवेल. याउलट घरच्या साबणाचे एक श्रेष्ठत्व निर्विवाद आहे : मोठ्या कारखान्यांतून जे ग्लिसरीन बहुधा वेगळे काढले जाते, ते येथे वडीतच राहते.

दोह्याच्या पाण्यावरही बराच ठपका ठेवला जातो. ते समुद्राचे, म्हणून खारट आणि जड, त्याला साबण लागत नाही, इत्यादी. कहरामाच्या, म्हणजे कतारच्या वीज-पाणी महामंडळाच्या, नळांतून येणारे पाणी समुद्राचेच खरे, पण ते निःक्षार केलेले असते आणि त्यात थोडी खनिजे नंतर मोजून मिसळलेली असतात. साबणाचा फेस मारून बादलीवर पांढरी साय आणणारे जड पाणी पाहायचे तर आपल्याच देशावरच्या विहिरींचे पाहावे.

वडी पक्व होण्याच्या मुदतीविषयीही घोटाळा आहे. कॉस्टिक संपायला महिना लागतो असे नाही. ते काम बहुतांशी पहिल्या एक-दोन दिवसांतच उरकते. पुढचे चार ते सहा आठवडे पाणी उडून वडी कठीण व्हावी आणि वापरताना लवकर झिजू नये यासाठी असतात. अनंत चतुर्दशीपासून नरकचतुर्दशीपर्यंत बरोबर दीड चांद्रमास पडतो, तेव्हा बाप्पांना निरोप दिल्यावर लगेच साबण घातला तर तो अभ्यंगाला तयार. मात्र दोह्यात तेव्हा दमट हवेचे दिवस असतात आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढून वडीवर घाम आणते. म्हणून वड्या एसीच्या खोलीत, जाळीवर, एकमेकींना न चिकटता ठेवाव्यात. साबण कधी खराब होत नाही हाही भ्रमच : मागे राहिलेले तेल खवट होते, वडीवर नारिंगी डाग पडतात.

भेट देताना वडीवर एक चिठ्ठी असावी, आणि तीत घातलेल्या सर्व तेलांची नावे व साबण घातल्याची तारीख लिहावी. एखाद्यास बदामतेल सोसत नाही. शाकाहारी स्नेह्यास चरबी चालत नाही. मुसलमान शेजाऱ्यास डुकराची चरबी निषिद्ध आहे, आणि आयत्या बेसवर 'सोडियम टॅलोएट' असे लिहिलेले असेल तर त्यात प्राण्यांची चरबी आहे असे समजावे. वड्या विकण्याचा विचार मनात आल्यास तो व्यापार होतो आणि व्यापारास रीतसर परवाना लागतो, हे विसरू नये. सुट्टीवर मुंबई-पुण्यास जाताना तयार वड्या खुशाल बॅगेत न्याव्यात. परतताना तिकडून स्वस्त मिळतो म्हणून कॉस्टिक सोडा मात्र आणू नये, कारण विमानात दाहक पदार्थांना मुभा नाही, ना हातातल्या पिशवीत ना मोठ्या बॅगेत.