‘पेन चालतं’ एवढ्यावर टॅब घेऊ नका. आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर, मग पेन

बेळगाव : कॉलेजं सुरू झाली की घराघरांत टॅबलेटचा विषय निघतो. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, आकृत्या काढायच्या आहेत. मुलगा बी.कॉम.ला आहे, नोट्स लिहायच्या आहेत, जमलं तर टॅलीही शिकायचं आहे. वडील दुकानात विचारतात, “याला पेन चालतं काय?” दुकानदार सांगतो, “चालतं की!” बिल होतं आणि आठ दिवसांनी घरात कुरबुर सुरू होते. अक्षर तुटतं, हात टेकला की रेघोट्या उमटतात आणि टॅली तर त्यात बसतच नाही.

यात दुकानदार खोटं बोललेला नसतो. ‘पेन चालतं’ या दोन शब्दांचे बाजारात तीन वेगवेगळे अर्थ आहेत, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. घरातली वर्षभराची शिल्लक एका वस्तूत घालण्याआधी ते समजून घेतलेलं बरं.

पेनाचे तीन प्रकार

पहिला प्रकार रबरी टोकाच्या साध्या पेनाचा. टच स्क्रीनला हे पेन म्हणजे आणखी एक बोटच वाटतं. त्यामुळे ते कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही टॅबवर चालतं. पण टोक जाड असतं, जोर दिला तरी रेघ जाड होत नाही आणि पेन कुठलं, तळहात कुठला हे टॅबला ओळखता येत नाही. सही करायला, पान उलटायला ठीक. तासभर नोट्स लिहायला उपयोग नाही.

दुसरा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या पेनाचा. पेन आणि स्क्रीन एकमेकांशी बोलतात, म्हणून हात टेकून लिहिता येतं. ॲपल पेन्सिल याच जातीतली. शाओमी, वनप्लस, लेनोवो यांचीही अशी पेनं आहेत. अडचण एकच : ही पेनं ठरावीक मॉडेललाच लागू होतात. एका कंपनीचं पेन दुसरीच्या टॅबवर चालेल याची खात्री नाही. कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलवरही चालत नाही.

तिसरा प्रकार सॅमसंगच्या एस पेनचा. टॅबच्या स्क्रीनखाली एक खास थर असतो आणि पेनाला लागणारी ऊर्जा त्यातूनच मिळते. लिहिण्यासाठी पेन चार्ज करावं लागत नाही. पण तो थरच नसेल, तर पेन कितीही महागाचं घ्या, उमटणार नाही.

एकाच कंपनीत, पण वेगळं

फसगत सगळ्यात जास्त होते ती इथे. सॅमसंगचे टॅब एस६ लाइट आणि टॅब एस९ एफई यांच्या खोक्यातच एस पेन येतं. त्याच कंपनीचे टॅब ए८ आणि टॅब ए९ हे स्वस्त पडतात, पण त्यांना एस पेन चालत नाही. नावात फरक एका अक्षराचा, कामात फरक वहीचा आणि पाटीचा.

ॲपलचंही तसंच. ॲपल पेन्सिल २०१५ मध्ये आली आणि आता तिचे चार प्रकार झाले आहेत : पहिली पिढी, दुसरी पिढी, यूएसबी-सी आणि प्रो. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडला पहिल्या पिढीची किंवा यूएसबी-सी पेन्सिल चालते. पहिल्या पिढीची घेतली तर जोडणीसाठी वेगळा ॲडॉप्टर लागतो. यूएसबी-सी पेन्सिल जोर ओळखत नाही. लिहायला चांगली, पण चित्र काढणाऱ्याला तिची मर्यादा लगेच कळते. दुसऱ्या पिढीची पेन्सिल २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड एअर आणि प्रो यांना चालत नाही. नात्यातल्या कुणाची जुनी पेन्सिल मिळतेय म्हणून हिशेब मांडणाऱ्यांनी हे आधी पाहावं. शिवाय आयपॅडसोबत पेन्सिल येत नाही, तिचे पैसे वेगळे. तुलना करताना टॅबची किंमत टॅबशी लावू नये. टॅब, पेन आणि कव्हर यांची बेरीज बेरजेशी लावावी.

खरी अडचण सॉफ्टवेअरची

पेन उत्तम मिळालं तरी काम होईलच असं नाही. टॅब दिसतो छोट्या लॅपटॉपसारखा, पण आतून तो मोठा मोबाइल असतो. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर त्यावर जसंच्या तसं बसत नाही.

टॅली प्राइम हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. अँड्रॉइड टॅबवर किंवा आयपॅडवर ते इन्स्टॉल होत नाही. एक्सेलचं ॲप मिळतं, पण ऑफिसातल्या फायलीतले मॅक्रो त्यात चालत नाहीत. त्यातही १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर वर्ड-एक्सेलच्या ॲपमध्ये फाइल दुरुस्त करायची तर मायक्रोसॉफ्टची वर्गणी भरावी लागते. मोठा टॅब घेणाऱ्याला हा खर्च नंतर कळतो.

जीएसटी-इन्कम टॅक्सची कामं करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टॅबवर पेनाने केलेली सही म्हणजे डिजिटल सिग्नेचर नव्हे. ती दिसायला सहीसारखी असते, एवढंच. डिजिटल सिग्नेचरचं टोकन कॉम्प्युटरला लावावं लागतं.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांत प्रोक्रिएटचं नाव मोठं आहे. ते अँड्रॉइडवर नाही. फक्त ॲपलच्या उपकरणांवर आहे. म्हणजे ज्याला प्रोक्रिएटच हवं, त्याचा टॅब आधीच ठरला.

आपल्या भाषेचं काय?

सीमाभागात हा प्रश्न दुहेरी आहे. इथल्या अनेक घरांत, छापखान्यांत आणि पतसंस्थांत मराठी फायली श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आहेत, तर कन्नड कागद नुडी किंवा बरहामध्ये. युनिकोड नसलेली अशी फाइल टॅबवर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. ती आधी कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये बदलून घ्यावी किंवा पीडीएफ करून घ्यावी. मग टॅबवर वाचता येते.

हाताने लिहिलेलं टाइपात बदलणं हीदेखील वेगळी बाब आहे. पेनाने काढलेली रेघ कुठल्याही भाषेत उमटते, कारण टॅबच्या दृष्टीने ते चित्र असतं. ते ‘वाचून’ त्याची अक्षरं करायला त्या भाषेची सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. इंग्रजीत जे झटक्यात होतं, ते मराठीत होईलच असं गृहीत धरू नये. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी हस्तलेखनाचा पर्याय आहे. टॅबसोबत आलेल्या नोट्सच्या ॲपमध्ये मराठी आहे का, हे दुकानातच भाषांची यादी उघडून पाहावं. परीक्षा सोपी आहे : ‘बेळगाव’, ‘कर्तृत्व’ आणि ‘वऱ्हाड’ हे तीन शब्द लिहून बघावेत. ळ, रफार आणि ऱ्ह नीट आले तर पुढे बोलावं.

वर्षभराच्या नोट्स उद्या दुसऱ्या टॅबवर नेता येतील का, हेही आताच विचारावं. प्रत्येक ॲपची साठवण्याची पद्धत वेगळी असते. पीडीएफ काढता येते, पण त्यात पेनाने पुन्हा खाडाखोड करणं पूर्वीसारखं राहत नाही.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. या नेमक्या मॉडेलला कुठलं पेन चालतं? त्याचं पूर्ण नाव काय? ते खोक्यात आहे की वेगळं?

२. हात टेकून लिहिता येतं का? प्रात्यक्षिक दाखवा.

३. पेनाचं टोक झिजलं, पेन हरवलं तर ते आपल्या शहरात मिळतं का? सर्व्हिस सेंटर कुठे आहे?

४. अपडेट किती वर्षं मिळणार? ते थांबले की हळूहळू ॲप साथ सोडतात.

५. आपल्याला लागणारं सॉफ्टवेअर यावर बसतं का? ते नाव आधीच कागदावर लिहून न्यावं.

कोल्हापूर-बेळगाव किंवा सावंतवाडी-म्हापसा असा फेरा मारून “पलीकडे टॅक्स कमी” म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना : टॅबलेटवर जीएसटी सगळीकडे १८ टक्केच आहे. फरक दिसला तर तो दुकानदाराच्या सवलतीचा. पुढे दुरुस्तीला पुन्हा तिकडेच जावं लागणार असेल, तर प्रवासखर्चही त्यात धरावा.

थोडक्यात, खरेदीचा क्रम उलटा हवा. आधी काम, मग त्या कामाचं सॉफ्टवेअर, मग पेन आणि शेवटी टॅब. ज्याला टॅली आणि एक्सेल शिकायचं आहे, त्याला त्याच पैशात साधा किंवा वापरलेला लॅपटॉप जास्त कामाचा. आणि फक्त नोट्सच लिहायच्या असतील, तर वही-पेन आणि मोबाइलवरचं स्कॅन अजूनही चालतं. ते मात्र सगळ्या मॉडेलांवर चालतं.