गॅस गीझर: वास येत नाही, मग धोका कसला?

सोलापूरच्या जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब परसात, नाहीतर न्हाणीघराच्या तोंडाशी पेटायचा. लाकडाचा धूर डोळ्यांत जायचा, त्यामुळे तो आत घ्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. गॅस गीझरला धूर दिसत नाही. म्हणून तो थेट चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये येऊन बसला, तेही दार-खिडकी लावून. जळण बदललं, पण त्याला लागणारी हवा आणि जळून उरणारा वायू यांचे नियम काही बदलले नाहीत.

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच कढत येतं. गीझरची आठवण होते ती दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला, आणि तिथून सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत तो रोज पेटतो. महिनोन्‌महिने धूळ खात पडलेलं यंत्र असं एका पहाटे कामाला जुंपलं जातं. त्याच्यासोबत काही समजुतीही दर वर्षी बाहेर निघतात. ‘काय होत नाय ओ, इतकी वर्षं वापरतोय’ ही त्यातली सगळ्यात जुनी. बाकीच्या एकेक करून तपासू.

गैरसमज: पायलटची ज्योत सारखी जळत असते, खरा धोका तिचाच.

वस्तुस्थिती: जुन्या गीझरमधली ही करंगळीएवढी ज्योत म्हणजे पहारेकरी आहे. तिच्यात थर्मोकपल नावाची धातूची कांडी तापत असते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की विजेचा किंचित दाब तयार होतो, हे १८२१ साली थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं. इथे तो दाब साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका असतो. तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की कांडी थंड होते, चुंबक सुटतो आणि मिनिटभराच्या आत गॅस बंद होतो.  

पायलटचा दोष एकच, तो चोवीस तास गॅस खातो. त्याची ताकद १०० वॅट धरली, तरी नुसत्या पायलटवर १४.२ किलोचा सिलिंडर अडीच महिन्यांत संपेल. म्हणून वापर नसताना तो बंद करावा. जीवाला धोका मात्र मुख्य बर्नरचा असतो, त्याकडे पुढे येऊ.

गैरसमज: पायलट विझला की लगेच पुन्हा काडी लावायची.

वस्तुस्थिती: घाई नको. एलपीजी हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असतो. गळालेला गॅस वर न जाता फरशीवर, मोरीच्या जाळीपाशी साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो चटकन कळत नाही.

पद्धत अशी: नॉब बंद करा, दार-खिडकी उघडा, पाच-दहा मिनिटं थांबा. मग खाली वाकून जमिनीलगत वास घ्या. वास असेल तर काडी सोडाच, विजेच्या बटणालाही हात लावू नका. दिवा किंवा पंखा चालू-बंद करताना उडणारी बारीक ठिणगीही पुरते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला घराबाहेर येऊन फोन करा.

वास नसेल तर नॉब पायलटच्या खुणेवर आणून दाबा, ज्योत पेटवा, आणि पेटल्यावरही वीस-तीस सेकंद दाबूनच धरा. बहुतेकांचं इथेच चुकतं. कांडी पुरेशी तापायच्या आत बोट काढलं की चुंबक झडप धरत नाही आणि ज्योत विझते. पुरेसं थांबूनही दोन-तीन वेळा विझली, तर थर्मोकपल खराब झालेलं असतं किंवा पायलटच्या बारीक छिद्रात धूळ नाहीतर कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं. अशा वेळी मेकॅनिक बोलवा. नॉब दाबलेला राहावा म्हणून त्याला रबर बांधणं किंवा लाकडाची खपली ठोकणं म्हणजे पहारेकऱ्याचे हात बांधणं.

गैरसमज: आमचा सेलवाला आहे. त्याला पायलटच नाही, म्हणजे तो सुरक्षित.

वस्तुस्थिती: नव्या गीझरमध्ये नळ सोडला की पाण्याच्या दाबाने पडदा सरकतो, खटका लागतो, दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. पेटवायची सोय झाली एवढंच. पुढे जळतो तो तोच गॅस, तेवढाच. सेल उतरले की ठिणगी उशिरा पडते, तोवर गॅस जमतो आणि ‘भक्’ असा आवाज होऊन भडका उडतो. तो आवाज ऐकू आला की सेल बदला.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. टाकी गीझरच्या अगदी डोक्यावर असेल तर दाब पुरत नाही. पाण्याची उंची मीटरभर वाढली की दाब वाढतो जेमतेम ०.१ बार. मग ‘पडद्याची सेटिंग’ करून देणारा कुणीतरी भेटतो. पाण्याअभावी गॅस बंद करणारी सोयच त्यात निकामी होण्याचा धोका असतो. टाकी उंच घ्या किंवा छोटा पंप बसवा, पण झडपेशी खेळ नको.

गैरसमज: काही बिघडलं तर वास येईलच.

वस्तुस्थिती: सगळ्यात घातक समजूत हीच. आपल्याला जो वास येतो तो मुळात एलपीजीचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. न जळलेला गॅस सुटला तर नाक सावध करतं. पण गॅस जळाला की मरकॅप्टनही जळून जातं. हवा अपुरी असताना ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळे चुरचुरवत नाही, खोकला आणत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे हवेतलं त्याचं अगदी थोडं प्रमाणही रक्तातली जागा अडवून बसतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. दाराच्या कडीपर्यंत हात नेण्याची ताकदही उरत नाही, आणि आपल्याला काहीतरी होतंय हे कळणारा मेंदूच आधी मंदावतो. ज्या स्फोटाची सगळ्यांना धास्ती असते, त्याआधी निदान वास तरी येतो. इथे तीही सूचना मिळत नाही.

गैरसमज: दहा मिनिटांच्या आंघोळीत काय होणार?

वस्तुस्थिती: हिशोब मांडून बघू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणाऱ्या गीझरची ताकद साधारण १० ते १२ किलोवॅट, म्हणजे विजेचे पाच-सहा मोठे गीझर एकदम चालवण्याइतकी. तो तासाला जवळपास किलोभर गॅस जाळतो, आणि किलोभर एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते साडेपाच घनमीटरहून थोडी कमी.

हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो १८-१९ टक्क्यांवर उतरला की ज्योत बिघडू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पूर्ण बंद खोलीत त्याला तीन-चार मिनिटं पुरतात. फटींतून थोडी हवा येत राहते म्हणून रोज अनर्थ होत नाही, पण त्या फटी थंडीत आपणच बुजवतो. आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे एकामागून एक पाच जण आत जातात, तेव्हा पाचव्या माणसाच्या वाट्याला आधीच्या चौघांची उरलेली हवा येते.

बादलीने आंघोळ करणाऱ्यांना यातून सोपी वाट आहे. दार उघडं ठेवून बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग दार लावा. वीस लिटरची बादली भरायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. शॉवरखाली उभं राहणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यासाठी गीझर बाथरूमच्या बाहेरच हवा.

गैरसमज: ज्योत निळी आहे, मग काळजी नको.

वस्तुस्थिती: पिवळी, लवलवती ज्योत आणि वरच्या जाळीवर काजळी दिसली तर गीझर ताबडतोब बंद करावा, हे खरं. पण निळी ज्योत एवढंच सांगते की या क्षणी बर्नर नीट जळतोय. खोलीतला प्राणवायू उतरत गेला की तीच ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. शिवाय तांब्याच्या कॉइलभोवतीच्या पात्यांत काजळी भरली की जळालेला वायू वर निघायची वाट अडते. बोअरच्या जड पाण्याने कॉइलमध्ये क्षाराचा थर बसतो, पाणी कमी तापतं, आणि आपण नॉब आणखी मोठा करतो. म्हणून दिवाळीआधी एकदा दुरुस्ती-सफाई करून घेणं शहाणपणाचं.

गैरसमज: एक्झॉस्ट फॅन बसवलाय ना!

वस्तुस्थिती: फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत येणार कुठून? दाराखाली फट नाही, खिडकी बंद, अशा खोलीत फॅन नुसता ओढत राहतो. गीझरला धुराडं असेल तर फॅनच्या ओढीने त्यातला जळालेला वायू उलटा आत येऊ शकतो. फॅन उपयोगी आहे, पण दाराच्या खालच्या भागात कायमची उघडी जाळी असेल तरच. आणि गार वारा लागतो म्हणून तिच्यावर पुठ्ठा लावायचा नाही.

गैरसमज: आंघोळीत चक्कर आली म्हणजे फिट, बीपी, नाहीतर उपाशीपोटी गेल्याचा परिणाम.

वस्तुस्थिती: तेही असू शकतं. पण बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांचं वर्णन ‘गॅस गीझर सिंड्रोम’ म्हणून केलं आहे. झटके येतात, शुद्ध हरपते, काही काळ आठवण राहत नाही, आणि हे सगळं अपस्मारासारखं दिसतं. चुकीचं निदान झालं की माणूस फिटच्या गोळ्या घेत त्याच बाथरूममध्ये पुन्हा आंघोळीला जातो.

कुणी आत बेशुद्ध सापडलं तर कांदा हुंगवत बसू नका. दार उघडा किंवा तोडा, माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ला फोन करा. श्वास चालत नसेल आणि तुम्हाला छातीवर दाब देता येत असेल तर तो देणं सुरू करा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.’ कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, तो खुशाल ९८ दाखवतो. खरं चित्र रक्ताच्या तपासणीतून कळतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात. गरोदर बाईच्या बाबतीत तर बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नये, पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

गैरसमज: पुण्याच्या फ्लॅटमधला गीझर इथे आणून लावला तरी चालेल.

वस्तुस्थिती: तिथे तो पाइपच्या गॅसवर चालत असेल तर नाही. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन. दोन्हींसाठी बर्नरच्या जेटची छिद्रं वेगळ्या मापाची लागतात. मिथेनच्या मोठ्या छिद्रातून एलपीजी सोडला तर ज्योत पिवळी, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड ठरलेला.

गैरसमज: आयएसआयचं चिन्ह आहे, कुठेही बसवा.

वस्तुस्थिती: एलपीजीच्या घरगुती गीझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे, आणि चिन्ह बघूनच घ्यावं. पण कारखान्यात तपासलेलं यंत्र बंद खोलीत बसवलं की चिन्ह हवा पुरवत नाही. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. वर मांडलेला हिशोब पाहता बंद खोलीत वीस मिनिटं फार झाली.

मग करायचं काय? गीझर मागच्या गॅलरीत, परसात किंवा उघड्या डक्टच्या भिंतीवर न्या आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. त्याला लागतो थोडा पाइप आणि मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी. गॅसची नळी ‘सुरक्षा’ प्रकारची असू द्या, ती पाच वर्षांनी बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यायचा तर एलपीजी गळतीच्या अलार्मपेक्षा तो वेगळा असतो, हे दुकानात विचारून घ्या. गळतीचा अलार्म जमिनीलगत लावतात, मोनॉक्साइडचा माणसाच्या नाकाच्या उंचीला. गीझर हलवणं घरमालकाच्या हातात असेल तर भाडेकरूने तोवर बादलीचीच आंघोळ करावी, आणि वसुबारसेच्या आत मालकाला हे सांगून ठेवावं.