टाकी मालकाची, बिल भाडेकरूचं

नंदुरबारजवळच्या कोरीटसारख्या गावात भाड्याने राहणारे तसे थोडेच. जिल्हा परिषद शाळेचे एखादे गुरुजी, आरोग्य खात्यातल्या सिस्टर, बँकेत नवीन लागलेला कुणी. ‘मुख्यालयी राहा’ या हुकमामुळे आलेले काही, आणि तो हुकूम कागदावर पाळून रोज नंदुरबारहून मोटारसायकलवर ये-जा करणारेही काही. जे राहतात त्यांना पाण्याचं बिल किती येतं असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘पाण्याचं कसलं बिल? पाणीपट्टी मालक भरतो.’ आणि त्याला जोडूनच, ‘लाइट बिल मात्र फार येतं हो.’

ही दोन्ही उत्तरं एकाच बिलाबद्दलची आहेत. खेड्यातली पाणीपट्टी साधारणपणे ठोक आणि वर्षाची असते. ती ग्रामपंचायतीत मालकाच्या नावावर लागते. तुम्ही दोन हंडे वापरा की वीस, आकडा तोच. त्यामुळे पाणी फुकट आहे असं वाटत राहतं. पण नळाचं पाणी आपल्या पायांनी गच्चीवर चढत नाही. ते हौदातून किंवा बोअरमधून वरच्या टाकीत चढवायला मोटार लागते, आणि मोटारीला मीटर असतो. पाण्याचं खरं बिल तिथं लपलेलं आहे.

हिशेब सोपा आहे. एक एचपी म्हणजे 746 वॅट. मोटारीची स्वतःची तूट धरली की एक एचपीची मोटार तासाला एक युनिटच्या आसपास वीज खाते. टाकी भरल्यावर ती रोज अर्धा तास तशीच चालू राहिली, तर महिन्याला पंधरा युनिट निव्वळ गच्ची धुण्यात जातात. पंधरा युनिट म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा भाव एक आणि त्यापुढच्यांचा दुपटीहून जास्त. नव्वदवर थांबणारं घर या पंधरामुळे शंभर ओलांडतं. बहुतेक भाडेकरूंकडे मालकाने बसवलेला सबमीटर असतो आणि युनिटचा भाव मालक ठरवेल तो. तिथे स्लॅबचा फायदाही मिळत नाही.

त्यातून एक प्रकार असा, की त्याचा पत्ता वर्षानुवर्षं लागत नाही. घर बांधताना वायरमनने मोटारीची वायर जवळ पडेल त्या बोर्डातून ओढलेली असते. पुढे खालची खोली भाड्याने जाते, तिला सबमीटर लागतो, आणि वायर तशीच राहते. मग मालक, त्यांचा मुलगा आणि मागच्या खोलीतला भाडेकरू अशा तिन्ही बिऱ्हाडांचं पाणी खालच्या खोलीतल्या एकट्या भाडेकरूच्या मीटरवर चढतं. कुणी लबाडी केलेली नसते. कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. तपासायला दोन मिनिटं लागतात. आपल्या खोलीतलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला की मालकीणबाईंना हाक मारा, ‘काकू, मोटार चालू करा बरं जरा.’ दिवा पुन्हा लुकलुकायला लागला, तर गावभरच्या पाणी वाचवण्याच्या युक्त्यांपेक्षा ही एक वायर बदलणं जास्त कामाचं. बऱ्याच मीटरवर एका युनिटला किती वेळा लुकलुक होते तो आकडाही छापलेला असतो, 3200 वगैरे. तो पाहिला की मोटार किती खाते तेही मोजता येतं.

बिल कमी करण्याचे जे सल्ले सर्रास दिले जातात ते बहुतेक मोठ्या दाबाच्या नळांच्या देशातले आहेत. कमी पाण्याचा शॉवर लावा, नळाच्या तोंडाला जाळी बसवा. जाळी स्वस्त असते, आणि घर सोडताना काढून पिशवीत टाकता येते, म्हणून भाडेकरूला ती सोयीची वाटते. पण या जाळीला दाब लागतो. गच्चीवरची टाकी नळापासून दहा फूट उंच असेल, तर दाब एक किलोच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसतो. तिथे जाळी बसवली की पाणी करंगळीएवढं येतं आणि बादली भरेपर्यंत नळ जास्त वेळ उघडा राहतो. शिवाय आपल्याकडे आंघोळ बादली-तांब्याने. पाणी मोजून घेण्याचं याहून चांगलं साधन अजून निघालेलं नाही. आधी एक बादली नळाखाली लावून घड्याळ बघावं. दहा लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला पंधरा लिटर येतंय, तिथे जाळीला अर्थ आहे. दोन मिनिटं लागत असतील तर तो खर्च करू नये.

भाड्याच्या घरात पाणी जातं ते नळाच्या तोंडापेक्षा मागे कुठे तरी. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर टाकीतल्या बॉलकॉकच्या दांड्यावर पांढरे थर चढतात. दांडा अडकतो, टाकी भरली तरी पाणी बंद होत नाही. फ्लशच्या टाकीचंही तेच. तिथे आतल्या रबरावर क्षार बसतात आणि पाण्याची बारीक धार रात्रंदिवस भांड्यात उतरत राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद किंवा खायचा रंग टाकावा. पहाटे भांड्यातलं पाणी रंगलेलं दिसलं की चोर सापडला. नळ ठिबकत असेल तर त्याखाली पावशेर पाण्याचा पेला ठेवून पाहावा. दहा मिनिटांत भरला, तर तासाला दीड लिटर, दिवसाला छत्तीस, महिन्याला हजाराच्या वर. एक अख्खी टाकी. वॉशर मात्र काही रुपयांचा असतो.

आणखी एक गळती आपल्या हातातली आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. जिथे पाणी दिवसाआड येतं, तिथे नळ आला की घरातलं ‘शिळं’ पाणी आधी ओतून दिलं जातं. कळशी, पिंप, बादल्या, सगळं मोरीत. झाकून ठेवलेलं पाणी एका दिवसात शिळं होत नाही. निदान भांडी घासायला आणि संडासला तरी होत नाही. प्यायच्या पाण्याचं वेगळं. घरात आरओ असेल आणि पाणी क्षाराचं असेल, तर एक लिटर गोडं पाणी मिळवताना दोन-तीन लिटर बाहेर जातं. त्याची नळी सिंकऐवजी बादलीत सोडली की फरशी पुसायला वेगळं पाणी लागत नाही. ते झाडांना मात्र घालू नये, त्यात क्षार वाढलेले असतात.

कोरीटहून बाहेर पडलेल्यांची गोष्ट निराळी. खानदेशातली पुष्कळ माणसं कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात भाड्याने राहतात. अंबरनाथ-बदलापुरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं मीटरवरचं बिल येतं. मुंबई महापालिकेत घरगुती पाण्याचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात: माणशी दिवसाला 150 लिटरपर्यंत मूळ दर, मग दुप्पट, तिप्पट, आणि 250 लिटरच्या पुढे चौपट. पण तिथे मीटर सोसायटीचा असतो, घराचा नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो, माणसांच्या संख्येवर नाही. म्हणजे एकटा राहणारा भाडेकरू आणि सहा माणसांचं कुटुंब, नळ सारखेच असतील तर, सारखेच पैसे भरतात. अशा घरात एकट्याने काटकसर करून बिल हलत नाही. इमारतीचा हौद भरून वाहतो का, हे विचारलं तर हलतं.

घराला स्वतंत्र मीटर असेल तर तो वाचायला शिकावं. साधारणपणे काळे आकडे हजार लिटरचे, लाल आकडे त्याखालच्या लिटरचे, आणि मधे एक चांदणीसारखं छोटं चाक असतं. सगळे नळ बंद असताना ते चाक फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे आहे. मीटरचाच संशय असेल तर वीस लिटरच्या दहा बादल्या भराव्यात. दोनशे लिटर पुढे सरकायला हवेत. ज्या गावांत पाणी ठरावीक वेळी सुटतं तिथे आणखी एक भानगड असते. पाण्याच्या आधी पाइपातली हवा फुसफुसत येते आणि मीटरचं चाक तीही मोजतं. दक्षिणेकडे कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर असं दोन्ही एकदम केलं, तिथे ही हवेची तक्रार उरायचं कारण नव्हतं. फक्त मीटर बसवले आणि पाणी पूर्वीसारखंच तासभर, असं जिथे होतं तिथे भाडेकरू हवेचे पैसे भरतो. यावर उपाय लाइनवर एअर व्हॉल्व्ह, आणि त्यासाठी गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून अर्ज द्यावा लागतो.

दुरुस्ती कुणी करायची हा शेवटी भांडणाचा मुद्दा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 14 सांगतं की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. कलम 29 नुसार सबळ कारणाशिवाय पाणी तोडता येत नाही. पण हा कायदा अनुसूचीत नोंदलेल्या भागांपुरता आहे, आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. म्हणून करारातच लिहून घ्यावं: राहायला आलो त्या दिवशीचं पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचं रीडिंग, मागची थकबाकी मालकाची, मोटार कोणाच्या मीटरवर, टाकीची आणि पाइपची दुरुस्ती कोणाकडे. रीडिंगचा फोटो व्हॉट्सअॅपवर मालकाला पाठवला की तारीख आपोआप पडते.

गावात मात्र नोटीस-बिटीस कुणी देत नाही, आणि देऊही नये. ज्या काकूंच्या घरून सणाला पुरणपोळी येते त्यांना पोस्टाने नोटीस धाडून कुणाचं भलं होणार? बॉलकॉक भाडेकरूने आणावा, प्लंबरची मजुरी मालकाने द्यावी, आणि पावती दाखवून पुढच्या भाड्यात हिशेब मिटवावा. क्षाराच्या पाण्यात पितळेचा घ्यावा की प्लॅस्टिकचा, यावर दुकानदार तासभर बोलतील. कुठलाही घेतला तरी अधूनमधून दांडा काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवावा लागणारच. ते काम कोणी करायचं, तेही त्याच वेळी ठरवून घ्यावं.