गायब होणारी सू आणि आमची अज्जी

२०२५ च्या जुलैमध्ये 'फँटास्टिक फोर'चा नवा चित्रपट आला आणि आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला या चौघांचे वेडच लागले. तिच्या काकाने बंगळुरूहून जुन्या अंकांचा एक जाडजूड संग्रह आणून दिला. मग काय, अभ्यास मागे आणि कॉमिक्स पुढे! पुस्तक इंग्रजी, पण गोष्ट ती मला सांगते मराठीतून आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे तिच्या अज्जीला, कन्नडमधून. आपल्या भागातल्या घरांना हे काही नवे नाही.

या मालिकेचा पहिला अंक नोव्हेंबर १९६१ चा. स्टॅन ली आणि जॅक किर्बी या जोडीची ही निर्मिती. अंतराळात गेलेल्या चौघांवर विश्वकिरणांचा मारा होतो आणि प्रत्येकाला वेगळी शक्ती मिळते. शास्त्रज्ञ रीड रबरासारखा ताणला जातो, बेनचे अंग दगडासारखे होते, जॉनी आगीचा लोळ बनून उडतो. आणि जॉनीची मोठी बहीण सू? ती अदृश्य होते.

एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता अज्जीने विचारले, "आकी एन माडताळ?" ती काय करते?

"गायब होते, अज्जी."

"अष्टेना?" एवढंच? अज्जी हसायला लागल्या. "त्यात काय मोठं? घरात पाहुणे आले की आम्हीही स्वयंपाकघरात गायबच व्हायचो!"

सगळे हसले. माझ्या मनात मात्र ते बोलणे रुतून बसले. रात्री लेक झोपल्यावर मीच ते पुस्तक उघडले.

अज्जींचे म्हणणे खरे होते. तिघे पुरुष लढतात, सू घाबरते, पकडली जाते. चौथ्या अंकात समुद्राचा राजा नेमॉर तिला लग्नाची मागणी घालतो, पाचव्यात डॉक्टर डूम तिला ओलीस ठेवतो. नावातसुद्धा ती 'इन्व्हिजिबल गर्ल', म्हणजे मुलगीच. रीड मात्र 'मिस्टर'! १९६३ च्या अकराव्या अंकात तर वाचकांची पत्रे येतात, सूचा संघाला काही उपयोग नाही म्हणून. तिला रडू येते. रीड तिची बाजू घेतो, पण कशी? अब्राहम लिंकनच्या आईचा दाखला देऊन! म्हणजे बाईने मोठ्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे, तेच तिचे मोठेपण. हा काळाचाच दोष म्हणावा लागेल. १९४२ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशनाच्या वीरसंघात सामर्थ्यवान वंडर वुमनला घेतले, तेही सेक्रेटरी म्हणून!

मग पुस्तक काढून घ्यावे का? तसे मनात आले, खोटे कशाला सांगू? पण वाचता वाचता रात्रीचे साडेबारा कधी वाजले ते मलाच कळले नाही. कारण हे वीर आपल्या घरातल्यासारखे भांडतात. जॉनी बेनची खोडी काढतो, बेन त्याच्या अंगावर धावून जातो. नवव्या अंकात तर त्यांचे दिवाळे निघते आणि राहती जागाही जाते. अशी कर्जात बुडालेली वीरमंडळी कोणाला आवडणार नाहीत?

दुसऱ्या दिवशी मी लेकीला विचारले, "तुला सूबद्दल काय वाटतं गं?" ती फणकाऱ्याने म्हणाली, "आई, ते तिला काही करूच देत नाहीत. पण पाचव्या अंकात डूमचं यंत्र कोणी बंद पाडलं? गायब होऊन तिनेच ना? आणि तिघांना तिनेच वाचवलं!"

मी पुन्हा पाने उलटली. पोरीचे बरोबर होते. लढाईच्या गडबडीत माझ्या नजरेतून ते निसटले होते.

पुढे चित्रही बदलत गेले. १९६४ च्या बाविसाव्या अंकात सूला अदृश्य कवच उभे करण्याची शक्ती मिळाली. वरच्या हल्ल्यातून साऱ्या संघाला वाचवणारे कवच! १९६५ मध्ये तिचे रीडशी लग्न झाले, पण नावातली 'गर्ल' काही सुटली नाही. ती सुटली १९८५ मध्ये, जॉन बर्न लिहीत आणि चितारत असताना. तेव्हा सू 'इन्व्हिजिबल वुमन' झाली. मुलगी म्हणवून घेण्यातून सुटायला तिला चोवीस वर्षे लागली.

मला वाटते, मुलांच्या हातून अशी पुस्तके हिसकावून घेऊ नयेत आणि डोळे मिटून त्यांच्या हाती सोपवूही नयेत. आपणही शेजारी बसून वाचावे, एखादा प्रश्न विचारावा. आवडत्या गोष्टीतले खटकणारे दाखवले म्हणून आवड कमी होत नाही. आपल्या जुन्या नाटकांतले, गाण्यांतले कितीतरी आज खटकते. म्हणून का आपण ती ऐकणे सोडतो?

परवा लेक अज्जीला पुन्हा गोष्ट सांगत होती. ऐकून मी दारातच थांबले. कन्नडमधल्या तिच्या गोष्टीत सू रडत नव्हती. लिंकनच्या आईचा तर पत्ताच नव्हता. पत्रे लिहिणाऱ्यांना सू स्वतःच खडसावत होती. अज्जी शेंगा सोलायच्या विसरून ऐकत होत्या.

गोष्ट संपल्यावर त्या म्हणाल्या, "हं, आता ही बाई दिसायला लागली!"