प्रतिपक्षावांचून सराव

बास्केटबॉलचे पांच गडी समोर एकही प्रतिस्पर्धी नसतांना चढाईच्या चाली घोटीत असलेले पाहून घरांतील वडील मंडळींना हंसूं येतें. अडविणारा कोणीच नाहीं, मग हा पराक्रम कसला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न वाजवी आहे. परंतु उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं.

हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें काढला. त्या वेळीं फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या. आज २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद क्रीडांगणावर ३.०५ मीटर उंचीवर लोखंडी कडें असतें, आणि चेंडू हातीं आल्यापासून २४ सेकंदांच्या आंत तो कड्याकडे फेंकावा लागतो. एवढ्या अवधींत पांच जणांनीं विचार करीत उभें राहून भागत नाहीं. कोणी कोठून धांवावें, चेंडू कोणाकडे जावा, हें पायांनाच ठाऊक असावें लागतें. नवशिक्यासमोर पहिल्याच दिवशीं विरोधक उभा केला, तर चेंडू राखण्याच्या धडपडींत तो चाल विसरतो. म्हणून आरंभ रिकाम्या मैदानावरच व्हावा.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाची विद्या पुन्हां ऊर्जितावस्थेस आणली. वणीच्या सप्तशृंगीच्या कृपेनें ती त्यांस लाभली, अशी परंपरागत कथा आहे. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर मल्लानें पकडी घोटावयाच्या. खांब थकत नाहीं, दुखावत नाहीं, रुसतही नाहीं! पण तो हालतही नाहीं. म्हणून खांबावरून उतरलेल्या मल्लाला तांबड्या मातींत जिवंत जोडीदाराशीं झटावेंच लागतें.

धोका आहे तो येथेंच. एक साधी चाल घ्या. एका गड्यानें सोबत्याच्या रक्षकाच्या वाटेंत भिंतीसारखें उभें राहावयाचें. चेंडू असलेल्यानें त्याच्या खांद्याला घांसून वळावयाचें, आणि भिंत झालेल्यानें तत्क्षणीं कड्याकडे फिरावयाचें. रक्षकच नसला तर दोघांमध्यें हातभर अंतर राहिलें तरी चाल सुंदर दिसते. सामन्यांत त्याच फटींतून रक्षक शिरतो, आणि महिनाभराचे कष्ट वायां जातात. मुलांना मग वाटतें कीं आपल्यांत गुणच नाहींत. त्यांची चूक एवढीच, कीं त्यांनीं चालीचा आकार पाठ केला, तिचें कारण नव्हे.

आमच्या चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख सांपडला आहे. त्या भास्कराचार्यांच्या लीलावतींत आधीं करणसूत्र येतें व पाठोपाठ उद्देशक, म्हणजे उदाहरण. नुसतीं सूत्रें घडाघडा म्हणणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले. उदाहरणाचे शब्द जरा फिरविले कीं ते गप्प.

तेव्हां चाल प्रथम संथपणें चालून पाहावी, मग धांवून. लगेच रक्षकाच्या जागीं खुर्ची मांडावी, म्हणजे खांदा कोठून न्यावयाचा हें समजतें. पुढें शिक्षकानें मध्येंच "डावी वाट बंद!" अशी हांक द्यावी आणि मुलांना दुसरी वाट शोधूं द्यावी. नंतर एक रक्षक नुसता उभा करावा, मग हात पसरलेला, मग खराखुरा अडविणारा. असें करीत पांचांसमोर पांच आणावे.

घरच्या अंगणांत एकट्यानेंच चेंडू आपटणाऱ्या मुलालाही हा क्रम लागू पडतो. धाकट्या भावाला हात पसरून त्याच्यापुढें उभें करावें. चेंडू तुळशीवृंदावनापासून दूर राहील, एवढें मात्र आजीनें पाहावें.