लाकडाच्या घरात पुस्तके

पावसाळ्यात आमच्या रेकॉर्ड रूममधून जुना केसपेपर आणायला गेलेला शिपाई शिंकतच परत येतो. कोंदट वास आणि पानांवर हिरवट-काळे डाग, म्हणजे बुरशी. दमेकऱ्यांना तिचे बीजाणू फार त्रास देतात. त्यामुळे अमेरिकेतील आर्कान्सॉ विद्यापीठाने ग्रंथालयाची साठवण-इमारत लाकडात बांधली, हे वाचल्यावर मला पहिली शंका आली ती बुरशीचीच.

फेएटव्हिल इथली ही इमारत २०१८ची. फारशी न मागितली जाणारी पुस्तके तिथल्या उंच मांडण्यांवर हलवली, की मुख्य ग्रंथालयात विद्यार्थ्यांना बसायला जागा होते. बांधकामातले लाकूड मात्र आपल्या वाशा-तुळयांसारखे नाही. फळ्यांचे थर आडवे-उभे रचून, चिकटवून जाड तावदाने केलेली असतात. प्लायवूडचा थोरला भाऊच म्हणा. या रचनेमुळे ती फारशी फुगत-आकसत नाहीत. झाडाने शोषलेला कार्बनही लाकूड टिकेल तितकी वर्षे अडकून राहतो.

आगीचे काय? जाड लाकडाचा बाहेरचा थर जळून कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. ही जळण तासाला साधारण चार सेंटिमीटर आत सरकते. कागद एवढी सवड देत नाही, म्हणून पाण्याचे फवारे लागतातच.

आता बुरशी. लाकूड हवेतला ओलावा शोषते, सोडते. चढउतार थोडे सौम्य होतात. पण सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली तर बुरशी धरणारच, भिंत लाकडाची असो वा सिमेंटची. ते काम यंत्रांचे. थंड, कोरड्या हवेत कागदाचे पिवळे पडणेही मंदावते. आणखी एक गोष्ट: लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते, ती कागदाला बाधते. म्हणून दुर्मीळ कागदपत्रे आम्लरहित खोक्यांत घालून धातूच्या मांडणीवर ठेवतात. लाकूड चिकटवायच्या काही गोंदांत फॉर्माल्डिहाइड असते. तिथे काम करणाऱ्यांच्या डोळ्या-घशासाठी तेही आधी विचारून घ्यावे.

कोकणात असे काही बांधायचे तर वाळवीचा बंदोबस्त पायापासूनच करावा लागेल. आमच्या रेकॉर्ड रूमचे मागणे मात्र साधे आहे: गळके छत दुरुस्त व्हावे आणि गठ्ठे भिंतीपासून वीतभर दूर सरकावेत. अर्ज दिला आहे.