वेबपृष्ठ लिहिण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम : शिक्षकांसाठी काही विवेचन

वेबपृष्ठाची रचना व कोडिंग हे विषय घरी बसून शिकता यावेत, अशी सोय महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी आता केलेली आहे. भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रम बहुधा ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. पाठ पाहण्यास मूल्य पडत नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘स्पोकन ट्युटोरिअल’ ह्या प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ तयार केले असून त्यांपैकी अनेक मराठीतही ऐकावयास मिळतात. तेव्हा साधन नाही, ही तक्रार पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

तथापि नाव नोंदविणारे पुष्कळ व शेवटास जाणारे थोडे, हा अशा अभ्यासक्रमांचा जगभरचा अनुभव आहे. शंभर नोंदणीदारांत अभ्यासक्रम पुरा करणारे दहाही निघत नाहीत, असे बहुधा आढळते. ह्याचे खापर केवळ आळसावर फोडणे न्यायाचे होणार नाही. पाठ चालू असता सर्व काही समजल्यासारखे वाटते. शिकविणारा भराभर ओळी लिहितो, पडद्यावर सुंदर पृष्ठ उमटते आणि पाहणारा समाधानाने पुढील पाठ लावतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वाध्याय कठीण होतो, तेव्हा मागील एकही ओळ आपल्या हाताने लिहिलेली नाही हे ध्यानी येते, आणि तेथेच अभ्यास थांबतो. पहिलीच्या वर्गास शिकविणाऱ्या शिक्षकास ह्यात नवल वाटू नये. गुरुजींनी फळ्यावर काढलेला ‘क’ मुलाने दहा वेळा पाहिला, तरी पाटीवर त्याचा हात वळत नाही. त्यासाठी गिरवावेच लागते.

ह्या दृष्टीने ‘स्पोकन ट्युटोरिअल’ची पद्धत अनुकरणीय आहे. विद्यार्थ्याने पाठाचा थोडा भाग पाहावा, पाठ थांबवावा, तेच आपल्या यंत्रावर करून पाहावे आणि जमल्यावरच पुढे जावे, अशी तेथे अपेक्षा असते. अन्य कोणताही अभ्यासक्रम ह्याच रीतीने घेता येतो. पाठ मोबाइलवर लावावा व लेखन शाळेच्या संगणकावर करावे, हे सोयीचे पडते. दहा मिनिटांच्या पाठास मग तास लागतो. तो लागू द्यावा.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज संशोधकाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या संस्थेत मांडली. १९९३ मध्ये सर्नने ती सर्वांस विनामूल्य खुली केली, म्हणूनच आज कोणासही परवान्यावाचून पृष्ठ लिहिता येते. पृष्ठ ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिला एच.टी.एम.एल. म्हणतात. खुणेस टॅग असे नाव आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असे प्रत्येक मजकुराआधी व नंतर टोकदार कंसांत लिहून सांगावयाचे, इतकेच तिचे मूळ तत्त्व. १९९१ च्या सुमारास तिच्या पहिल्या वर्णनात अवघे १८ टॅग होते; आज शंभरावर आहेत, परंतु शाळेच्या साध्या पृष्ठास पंधरा-वीस पुरतात. पृष्ठाचे रूप, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, अंतरे, हे सी.एस.एस. नावाच्या दुसऱ्या भाषेत सांगतात, आणि बटण दाबल्यावर काय घडावे हे जावास्क्रिप्ट ह्या तिसऱ्या भाषेत. नवशिक्याने तिसरीची घाई करू नये.

पहिल्या दोहोंचा भेद मात्र पक्का समजला पाहिजे, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. अक्षर मोठे दिसावे म्हणून शीर्षकाचा टॅग वापरणे ही ती चूक होय. डोळस वाचकास त्यात काही वावगे दिसत नाही. परंतु अंध व्यक्ती पृष्ठ वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने ‘वाचते’, तेव्हा ती एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेत इष्ट मजकूर शोधते. प्रत्येक मोठे अक्षर शीर्षक ठरविले, तर तिला पृष्ठात वाटच सापडत नाही. चित्राचे शब्दांत वर्णन देण्याची सोयही ह्याच कारणासाठी आहे. ती रिकामी ठेवू नये.

दुसरी अडचण अशी की, एच.टी.एम.एल. मधील चूक ब्राउझर निमूटपणे पोटात घालतो. बंद करावयाचा टॅग राहिला तरी पृष्ठ बहुधा दिसतेच, आणि दोष महिन्यांनी भलत्याच ठिकाणी उघड होतो. ह्यावर उपाय म्हणून डब्ल्यू.थ्री.सी. ह्या संस्थेचे विनामूल्य तपासणी-साधन आहे. त्यात आपला मजकूर घातला की ते चुकीची ओळ क्रमांकासह दाखविते. ऑनलाइन अभ्यासक्रमात वही तपासणारा शेजारी नसतो. ती उणीव हे साधन काही अंशी भरून काढते.

मराठी पृष्ठ लिहिणाऱ्यापुढे आणखी काही प्रश्न उभे राहतात, व इंग्रजी अभ्यासक्रम त्यांविषयी बहुधा मौन पाळतात. शाळांतील जुन्या सूचना व प्रश्नपत्रिका पुष्कळदा अशा फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात की, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. तो मजकूर उचलून वेबपृष्ठात घातल्यास तेच होते. त्यास्तव युनिकोड वापरणे अवश्य आहे. त्यात देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. तथापि युनिकोडमध्ये टंकूनही काम फसू शकते. शाळेचा संगणक जुना असेल, तर त्यातील नोटपॅड फाइल साठविताना देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे करून ठेवतो. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये ही खोड गेली. त्यापूर्वीच्या यंत्रावर साठविण्याच्या खिडकीत यू.टी.एफ.-८ हा पर्याय आठवणीने निवडावा लागतो. कोणाची संध्याकाळभराची मेहनत ह्या एका चुकीने वाया जाऊ नये, म्हणून हे विस्ताराने सांगितले. पृष्ठाच्या आरंभीही यू.टी.एफ.-८ असे नमूद करावे व भाषा मराठी असल्याचे ‘एम-आर’ ह्या दोन रोमन अक्षरांनी सांगावे, म्हणजे वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामास मराठी उच्चार निवडता येतात.

सी.एस.एस. शिकतानाही असाच अनुभव येतो. इंग्रजी शीर्षक डौलदार दिसावे म्हणून अक्षरांत अंतर ठेवण्यास शिकवितात; देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवले, तर वरची वेलांटी व खालचा उकार एकमेकांना भिडतात. येथे शिकविलेले जसेच्या तसे न उचलता आपल्या लिपीस काय शोभते हे पाहावे लागते, आणि ज्याने वर्षानुवर्षे मुलांची अक्षरे वळविली, त्या शिक्षकाची नजर ह्या कामी तरबेज असते.

सरावासाठी इंटरनेट सतत लागत नाही, ही गोष्ट खेड्यातील शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावी. नोटपॅडमध्ये लिहिलेले पृष्ठ त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडता येते. पाठ जेथे नेट मिळेल तेथे पाहून घ्यावेत व लेखन शाळेत करावे. वीज जाण्याचा नेम नसल्याने दर पाच मिनिटांनी फाइल साठविण्याची सवय लावावी. संगणक मुळीच नसेल तर मोबाइलवरही लिहिता येते. मात्र टोकदार कंस शोधण्यातच निम्मा वेळ जातो, हे खरे आहे.

अलीकडे सांगितल्याबरोबर संपूर्ण पृष्ठ लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम उपलब्ध झाले आहेत. अडलेली ओळ समजून घेण्यास ते उपयोगी आहेत. परंतु स्वाध्याय त्यांच्याकडून उतरवून घेणारा शिक्षक, निबंध मोठ्या भावाकडून लिहून आणणाऱ्या मुलास काय सांगणार? प्रमाणपत्र कदाचित मिळेल. पण गटसंमेलनात कोणी म्हटले, “गुरुजी, हे वेळापत्रक तेवढे बदलून द्या,” तर पंचाईत होईल.

आरंभापासून एकच काम डोळ्यांपुढे ठेवल्यास अभ्यास टिकतो. शाळेचे एक पृष्ठ हे ते काम. पहिल्या आठवड्यात शाळेचे नाव व पत्ता, दुसऱ्यात वर्गांचे वेळापत्रक, पुढे पोषण आहाराचा आठवड्याचा तक्ता, अशी भर घालीत जावे. पालक ते मोबाइलवर पाहणार असल्याने पडद्याच्या रुंदीस जुळवून घेण्याची एक ओळ प्रारंभी लागते. ती राहिल्यास सारा मजकूर मुंगीएवढा दिसतो. पृष्ठ सिद्ध झाल्यावर ‘गिटहब’सारख्या ठिकाणी ते विनामूल्य ठेवता येते.

मात्र जे वेबवर ठेवले ते जगातील कोणासही दिसते, आणि काढून टाकले तरी त्याच्या प्रती कोठे उरतील हे सांगता येत नाही. मुलांची छायाचित्रे, जन्मतारखा व आधार क्रमांक ह्यांविषयी शिक्षकाने फार जपावे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. स्नेहसंमेलनाचे वृत्त द्यावयाचे असेल, तर रंगमंचाचे, रांगोळीचे किंवा मुलांनी केलेल्या मातीच्या वस्तूंचे छायाचित्र पुरेसे होते.